ॲरोमॅटिक : वासातून जन्मलेला आणि वास विसरलेला शब्द

विज्ञानातल्या शब्दांच्या इतिहासावरच्या या व्याख्यानमालेत आज आपण एकच शब्द घेणार आहोत, तो म्हणजे 'ॲरोमॅटिक'. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र घेतलेल्यांना तो माहीत आहे. ज्यांनी घेतलं नाही त्यांनीही तो ऐकलेला असतो, कारण अरोमा म्हणजे सुवास, अरोमाथेरपी म्हणजे सुवासिक तेलांचा उपचार, हे आता सगळ्यांच्या बोलण्यात आहे. रंगाच्या किंवा थिनरच्या डब्यावर मात्र 'ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन' असं छापलेलं असतं, आणि तिथे या शब्दाचा सुवासाशी काही संबंध नसतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे झाले, ते आज आपल्याला बघायचं आहे.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. मसाल्याचा डबा उघडा. लवंगेचा वास ज्या द्रव्यामुळे येतो ते युजेनॉल. रसायनशास्त्राच्या अर्थाने ते ॲरोमॅटिक आहे. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड ॲरोमॅटिक आहे. बडीशेपेतलं ॲनेथॉल ॲरोमॅटिक, ओव्यातलं थायमॉलही ॲरोमॅटिक. इथवर सगळं सरळ आहे. आता वेलची घ्या. इतका छान वास, पण तिच्यातलं मुख्य द्रव्य, सिनिऑल, ॲरोमॅटिक नाही. देवापुढचा कापूर ॲरोमॅटिक नाही. लिंबाच्या सालीतलं लिमोनिन नाही, गवती चहातलं सिट्रालही नाही. उलट ॲस्पिरिनच्या गोळीला म्हणण्यासारखा वास नसतो, पण ती ॲरोमॅटिक आहे. आणि पिरिडिन नावाचं एक द्रव्य आहे, त्याच्या बाटलीचं बूच उघडलं तर सडक्या मासळीसारख्या वासाने खोलीतली माणसं बाहेर पडतील, तेही ॲरोमॅटिक. तेव्हा नाकाच्या भरवशावर हा शब्द समजणार नाही हे उघड आहे. पण जन्म मात्र त्याचा नाकातूनच झाला.

लोबान ते बेंझीन

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे बेंझीन. त्याच्या नावाची गोष्ट आपल्याला जवळची आहे. दर्ग्यात, कधी घरीही, आपण लोबान जाळतो. अरबी भाषेत धुपाच्या राळेला लुबान म्हणतात. सुमात्रा बेटावर एका वेगळ्या झाडाची सुवासिक राळ मिळते, तिला अरब व्यापारी 'लुबान जावी' म्हणत, म्हणजे जावाचा लोबान. त्यांच्या बोलण्यात सुमात्राही 'जावा'तच मोडत असे. हा माल युरोपात पोचला. तिथल्या लॅटिनकुळातल्या भाषांमध्ये 'लो' हे नामाआधी लागणारं उपपद वाटलं, म्हणून ते गळून पडलं. राहिलं 'बान जावी'. त्याचं पोर्तुगीजमध्ये बेंजोइम झालं आणि पुढे इंग्रजीत बेंझोइन. ही राळ तापवली की वाफेतून पांढरे स्फटिक जमतात, ही गोष्ट सोळाव्या शतकापासून माहीत होती. ते बेंझोइक आम्ल. म्हणजे आपल्या लोबानातला 'लो' गेला आणि 'बान' युरोपच्या प्रयोगशाळेत जाऊन बसला.

आता १८२५ साली या. लंडनमध्ये त्या काळी तेल तापवून दिव्यांसाठी वायू तयार करत आणि तो दाबून टाक्यांत भरत. टाकीच्या तळाशी एक पातळ द्रव साचायचा. मायकेल फॅरडे यांनी तो द्रव घेतला, त्याचे भाग वेगळे केले, आणि थंड केल्यावर गोठणारं एक स्वच्छ द्रव्य काढलं. त्याला त्यांनी हायड्रोजनचं बायकार्ब्युरेट म्हटलं. पुढे १८३३ साली जर्मनीत मिट्शरलिख यांनी बेंझोइक आम्ल चुन्याबरोबर तापवलं आणि त्यांना नेमकं हेच द्रव्य मिळालं. त्यांनी त्याला नाव दिलं 'बेंझिन'. ज्या नियतकालिकात हे आलं त्याचे संपादक लीबिग यांना ते नाव पसंत नव्हतं, त्यांनी 'बेंझोल' सुचवलं. फ्रान्समध्ये लोराँ म्हणाले, हे दिव्याच्या वायूतून मिळालं, तर प्रकाशासाठीच्या ग्रीक शब्दावरून 'फेन' म्हणा.

गंमत अशी की तिन्ही नावं टिकली. इंग्रजीत बेंझीन, जर्मनमध्ये बेंझोल, आणि लोराँ यांचं फेन हे फिनॉल, फेनिल अशा शब्दांत अजून आहे. जर्मनीत तर 'बेंझिन' म्हणजे पेट्रोल. तिथे पंपावर जाऊन बेंझिन मागितलं तर पेट्रोलच मिळतं. अंगारा धुपाचा आणि नाव गाडीच्या टाकीत, असा हा प्रवास.

हॉफमान यांनी केलेली वर्गवारी

त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांपुढे एक अडचण होती. वनस्पती आणि प्राण्यांपासून शेकडो द्रव्यं मिळत होती आणि त्यांच्या आतली रचना कोणालाच माहीत नव्हती. मग गट पाडायचे कसे? जिथून मिळालं त्यावरून, किंवा जसं दिसतं-लागतं त्यावरून. चरबीतून येणाऱ्यांचा एक गट झाला. 'ॲलिफॅटिक' हा शब्द आजही वापरतात, तो चरबीसाठीच्या ग्रीक शब्दावरून आला. दुसऱ्या बाजूला कडू बदामाचं तेल, दालचिनीचं तेल, बेंझोइन राळ, टोलू नावाचा दक्षिण अमेरिकेतला डिंक (टोल्यूइनचं नाव त्यावरून पडलं), अशी वासाची मंडळी होती. यांच्यात एक समान गोष्ट दिसू लागली. त्यांच्यात कार्बनच्या मानाने हायड्रोजन फार कमी. हेक्झेनमध्ये सहा कार्बनांमागे चौदा हायड्रोजन असतात, बेंझीनमध्ये सहा कार्बनांमागे सहाच. जळताना ही द्रव्यं काजळी सोडतात ती त्यामुळेच.

१८५५ साली लंडनमध्ये काम करणारे जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट विल्हेल्म हॉफमान यांनी इन्सोलिनिक आम्लावर एक निबंध लिहिला आणि त्यात या कुळातल्या आम्लांना 'ॲरोमॅटिक' म्हटलं. रासायनिक वर्गाचं नाव म्हणून या शब्दाचा हा पहिला वापर मानला जातो. लक्षात घ्या, हॉफमान यांनी शब्द का निवडला याचं स्पष्टीकरण तिथे दिलेलं नाही. शिवाय त्या यादीतल्या कित्येक आम्लांना फारसा वासही नव्हता. म्हणजे नाव पडलं त्या दिवसापासूनच ते थोडं सैल होतं.

हॉफमान यांचंच आणखी एक काम इथे सांगायला हवं, कारण त्यातही आपला शब्द आहे. १८२६ साली नीळ तापवून एकाने एक तेलकट द्रव्य मिळवलं. १८३४ साली दुसऱ्याने कोळशाच्या डांबरातून मिळवलं. १८४० च्या सुमारास फ्रिट्शे यांनी निळीवर अल्कलीची क्रिया करून मिळवलं आणि नाव दिलं 'ॲनिलिन'. चौथ्याने ते नायट्रोबेंझीनपासून केलं. चौघांची चार नावं. १८४३ साली हॉफमान यांनी दाखवलं की चारही एकच आहेत, आणि टिकलं ते ॲनिलिन. हे नाव पोर्तुगीज 'अनिल' वरून, ते अरबी 'अन्-नील' वरून, आणि ते आपल्या संस्कृत 'नील' वरून. पुढे १८५६ साली हॉफमान यांचाच अठरा वर्षांचा विद्यार्थी पर्किन क्विनीन बनवायला गेला आणि ॲनिलिनपासून जांभळा रंग घेऊन बाहेर आला. तिथून डांबरातल्या रंगांचा उद्योग उभा राहिला. १८९७ साली जर्मन कंपनी बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहारमधल्या निळीच्या शेतीचा पाया हलला. ज्या निळीने ॲनिलिनला नाव दिलं, तिलाच ॲनिलिनच्या कुळाने बाजारातून उठवलं.

आपल्या भाषेनेही हा डांबराचा इतिहास जपला आहे. कपाटात ठेवतो त्या नॅफ्थलिनच्या गोळ्यांना आपण 'डांबरगोळ्या' म्हणतो. नॅफ्थलिन पहिल्यांदा कोळशाच्या डांबरातूनच मिळालं होतं. ज्यांनी कोणी हा शब्द रूढ केला त्यांनी वासाकडे बघितलं नाही, उगमाकडे बघितलं. हा मुद्दा शेवटी पुन्हा लागेल.

वासाकडून वलयाकडे

१८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. त्याच वर्षी बेल्जियममधल्या गेंट इथे शिकवणारे केकुले यांनी फ्रेंचमध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता ॲरोमॅटिक द्रव्यांची घडण. त्यांचं म्हणणं असं की या सगळ्यांच्या पोटात सहा कार्बनांचा एकच गाभा आहे, आणि तो साखळीसारखा सरळ नसून टोकं जोडलेला, वलयासारखा आहे. शेपटी तोंडात धरलेल्या सापाच्या स्वप्नाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. ती केकुले यांनी स्वतः सांगितली, पण पंचवीस वर्षांनी, १८९० साली बर्लिनमधल्या सत्कारात. १८६५ च्या निबंधात साप नाही. त्यात आहे तो हिशेब, की वलय मानलं तर किती प्रकारची संयुगं मिळायला हवीत आणि प्रत्यक्षात किती मिळतात.

इथे शब्दाचा अर्थ पहिल्यांदा बदलला. ॲरोमॅटिक म्हणजे वासाचं नव्हे, तर ज्याच्या पोटात बेंझीनचं वलय आहे ते. पण लगेच दुसऱ्या वर्षी, १८६६ मध्ये, एर्लेनमायर यांनी वेगळा मुद्दा मांडला. ते म्हणाले, घडण राहू द्या, वागणूक बघा. बेंझीनसारखं जे वागतं ते ॲरोमॅटिक.

वागणूक म्हणजे काय? ज्या संयुगात दुहेरी बंध असतो ते ब्रोमीन दिसलं की त्याला लगेच पोटात घेतं, आणि ब्रोमीनचा तांबडा रंग नाहीसा होतो. बेंझीनमध्ये केकुले यांच्या आकृतीप्रमाणे तीन दुहेरी बंध आहेत. मग त्याने तर तुटून पडायला हवं. पण ते ढिम्म राहतं. लोखंडाचा चुरा किंवा तसं काही मदतीला दिलं तर एक हायड्रोजन सोडून त्याच्या जागी एक ब्रोमीन घेतं, पण वलय मोडू देत नाही. हा हट्ट म्हणजेच ॲरोमॅटिकपणा, असं एर्लेनमायर यांच्या बाजूचं म्हणणं.

दोन व्याख्या झाल्या, रचनेची आणि वागणुकीची. बहुतेक वेळा दोन्ही एकाच उत्तराला पोचतात. पण कधी कधी त्यांची फारकत होते, आणि अशा दोन प्रसंगांनी या शब्दाला घडवलं.

पहिला प्रसंग झुरिकचा, १८८२ चा. व्हिक्टर मायर वर्गात एक नेहमीचा प्रयोग दाखवत होते. बेंझीनमध्ये आयसाटिन आणि सल्फ्युरिक आम्ल घातलं की गडद निळा रंग येतो. त्या दिवशी रंग आलाच नाही. सहायकाने सांगितलं की डांबरातून मिळवलेलं बेंझीन संपलं होतं, म्हणून बेंझोइक आम्लापासून बनवलेलं शुद्ध बेंझीन वापरलं. मायर यांनी ही गोष्ट सोडून दिली नाही. डांबराच्या बेंझीनमध्ये दुसरं काहीतरी लपलेलं आहे, असं धरून ते शोधत गेले आणि त्यांना थायोफिन मिळालं. चार कार्बन आणि एक गंधक यांचं पाच जणांचं वलय. बेंझीन ते नव्हेच. पण वागायला इतकं बेंझीनसारखं, की इतकी वर्षं ते बेंझीनमध्ये कोणाच्या लक्षात न येता राहिलं होतं. रचनेच्या व्याख्येत ते बसत नव्हतं, वागणुकीच्या व्याख्येत अगदी नेमकं बसत होतं.

दुसरा प्रसंग १९११ चा, अगदी उलटा. विल्श्टेटर यांनी डाळिंबाच्या झाडाच्या सालीत मिळणाऱ्या एका अल्कलॉइडपासून सुरुवात करून आठ कार्बनांचं वलय तयार केलं. त्यात एक सोडून एक असे चार दुहेरी बंध. कागदावर ते बेंझीनचं मोठं भावंडच दिसतं. पण ब्रोमीन दिसताच त्याने ते पोटात घेतलं, बेंझीनचा हट्ट त्याच्यात औषधालाही नव्हता. पुढे कित्येक वर्षं काहींना शंका होती की विल्श्टेटर यांनी केलेलं द्रव्य हे नव्हेच. ते बरोबर होते.

मोजणीवर आलेला अर्थ

सहा चालतात, आठ चालत नाहीत, आणि गंधकासहित पाच जणांचं वलयही चालतं, हे का? उत्तर विसाव्या शतकात मिळालं. १९२५ साली रॉबर्ट रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी आर्मिट यांनी वलयाच्या मधल्या सहा इलेक्ट्रॉनांच्या गटाची कल्पना मांडली. १९२९ साली कॅथलीन लॉन्सडेल यांनी क्ष-किरणांनी बेंझीनच्या एका भावंडाचे स्फटिक तपासले आणि वलय सपाट आहे, सहाही बाजू सारख्या आहेत, हे दाखवलं. एकेरी बंध लांब आणि दुहेरी आखूड, असा भेद तिथे नव्हताच. आणि १९३१ साली एरिक ह्यूकेल यांनी क्वांटम सिद्धांताच्या आधारे गणित केलं. सपाट वलयात सर्वत्र फिरू शकणारे इलेक्ट्रॉन दोन, सहा, दहा, चौदा अशा संख्येने असतील तर वलय विशेष स्थिर होतं. चार, आठ, बारा असतील तर होत नाही. विद्यार्थी ज्याला 'चार एन अधिक दोन' म्हणून पाठ करतात तो हाच नियम.

आता मागचे दोन्ही प्रसंग उलगडतात. थायोफिनच्या दोन दुहेरी बंधांचे चार इलेक्ट्रॉन आणि गंधकाने दिलेले दोन मिळून सहा झाले. विल्श्टेटर यांच्या वलयात ते आठ. १९५४ साली डोअरिंग आणि नॉक्स यांनी तर सात कार्बनांचं, धन विद्युत्भार असलेलं, सहा इलेक्ट्रॉनांचं वलय दाखवलं. त्याचं ब्रोमाइड मिठासारखं पाण्यात विरघळतं. सुवासाशी नातं कुठे राहिलं? शब्द तोच आहे, पण तो आता नाकाचा नाही, गणनेचा आहे. आणि तरीही काम पूर्ण झालेलं नाही. एखादं द्रव्य 'किती' ॲरोमॅटिक आहे हे ऊर्जेवरून ठरवायचं, बंधांच्या लांबीवरून, की चुंबकीय गुणावरून, यावर आजही वाद होतात, कारण या मापांची उत्तरं प्रत्येक वेळी जुळत नाहीत.

नावाची किंमत

हे सगळं केवळ पंडितांचं भांडण आहे असं वाटू शकतं. तसं ते नाही. बेंझीनला गोडसर वास असतो. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात ते सरळ हाताळलं गेलं. चार्ल्स मॅन्सफिल्ड यांनी डांबरातून बेंझीन मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत बसवली, आणि १८५५ मध्ये, बेंझीनचे नमुने तयार करतानाच्या आगीत भाजून ते गेले. त्याच वर्षी हॉफमान 'ॲरोमॅटिक' हा शब्द लिहीत होते. १८९७ साली स्वीडनमध्ये सायकलच्या टायरच्या कारखान्यातल्या तरुण मुलींना बेंझीनमुळे रक्ताचा जीवघेणा आजार झाल्याची नोंद सँटेसन यांनी केली. १९७० च्या दशकात इस्तंबूलमध्ये अक्सॉय यांनी चपला-बूट करणाऱ्या कामगारांमध्ये, डिंकातल्या बेंझीनमुळे, रक्ताचा कर्करोग दाखवून दिला. आज बेंझीन माणसाला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात आहे. भारतात पेट्रोलमधलं बेंझीन एक टक्क्याच्या वर नसावं असा भारत स्टेज ६ चा दंडक आहे.

वास गोड आहे म्हणून वस्तू निरुपद्रवी, असं आपलं नाक आपल्याला सांगतं. आणि या वर्गाच्या नावातही तेच नाक बसलेलं आहे.

श्रोत्यांचा एक प्रश्न

विचारलं आहे, 'मग मराठीत ॲरोमॅटिकला काय म्हणावं? सुगंधी संयुगं म्हटलं तर चालेल का?'

प्रश्न महत्त्वाचा आहे. आम्ही मराठी प्रतिशब्दांच्या विरुद्ध अजिबात नाही. 'सेंद्रिय' हा शब्द बघा, स-इंद्रिय, अवयव असलेलं. सजीवांपासून मिळणारी द्रव्यं, हा जो मूळ ऑरगॅनिकचा अर्थ, तो त्यात नेमका उतरला. पुढे विज्ञानाने तो अर्थ सोडला, प्रयोगशाळेत बनवलेलं प्लॅस्टिकही सेंद्रिय ठरलं, आणि बाजारात सेंद्रिय म्हणजे रसायनं न घातलेली भाजी. आता विद्यार्थ्याला दोन्ही अर्थ वेगळे करून सांगावे लागतात. म्हणून शाळेच्या पुस्तकात 'कार्बनी संयुगे' म्हणतात ते आम्हाला जास्त बरं वाटतं. ते घटक सांगतं, गुण सांगत नाही.

तोच न्याय इथे लावू. शेतीच्या संदर्भात 'औषधी आणि सुगंधी वनस्पती' म्हणतात, तिथे 'सुगंधी' शब्द अगदी योग्य आहे, कारण तिथे वासच अभिप्रेत आहे. खानदेशात रोशा गवताचं तेल निघत आलं आहे. ते गवत सुगंधी आहे, आणि त्या तेलातलं मुख्य द्रव्य जेरॅनिऑल रसायनशास्त्राच्या अर्थाने ॲरोमॅटिक नाही. एकाच शब्दाने दोन्हीकडे काम भागवलं तर इथे गोंधळ झालाच म्हणून समजा. आणि उद्या चपलांच्या डिंकाच्या किंवा थिनरच्या डब्यावर कोणी 'सुगंधी द्रावक' असं भाषांतर छापलं, तर बंद खोलीत बसून काम करणारा माणूस ते वाचून खिडकी उघडेल का?

म्हणून आमचं मत असं. वास सांगायचा असेल तिथे सुगंधी म्हणा. रसायन सांगायचं असेल तिथे 'ॲरोमॅटिक' हा परका शब्द तसाच ठेवा. मराठीत तो वास सुचवत नाही, ही त्याची उणीव नाही, तो त्याचा फायदा आहे. इंग्रजी विद्यार्थ्याला शब्दातला अरोमा आधी विसरावा लागतो, आपल्या मुलांवर ती वेळ येत नाही. आणि मराठीच नाव हवं असेल तर डांबरगोळी म्हणणाऱ्यांकडून शिका, वस्तू आली कुठून ते विचारा. आणि डब्यावर हा शब्द दिसला की आधी खिडकी उघडा.